लेन्स परदेशी, कागद कुठे?

भिगवणला रोहित पक्षी उतरले की पुण्या-मुंबईच्या गाड्या उजाडायच्या आत कुंभारगावच्या काठाला लागतात. डिकसळकडेही तीच गर्दी. एकेका होडीत चार माणसं आणि कित्येक लाखांची काच. सहाशे मिलिमीटरची एक भारी लेन्स दहा लाखांच्या पुढे जाते, हे आता होडी वल्हवणाऱ्यालाही पाठ आहे.

ती बिघडली की काय करायचं, हे मात्र कुणालाच पाठ नाही.

सल्ला सगळीकडे एकच मिळतो. बाहेर पाठवा. मोठ्या जपानी कंपन्यांची सेवा केंद्रं देशात आहेत, हे खरं. पण वस्तू ग्रे मार्केटमधून आलेली असेल तर इथली वॉरंटी लागत नाही. मॉडेल जुनं असेल तर सुटा भाग मिळत नाही. लायका असेल तर जर्मनीतलं वेट्झलार आठवतं, हॅसलब्लाड असेल तर स्वीडनमधलं गोटेनबर्ग.

पाठवा म्हणणं सोपं आहे. पाठवायचं कसं, ते इथे इंदापूर तालुक्यात कोण सांगणार?

आणि हा फक्त हौशी श्रीमंतांचा प्रश्न आहे असं समजू नका. उजनी धरणाच्या फुगवट्यात मासेमारी करणाऱ्या घरांतली पोरं आज पक्ष्यांचे गाइड आहेत. सेकंडहँड बॉडी, सेकंडहँड लेन्स, त्यावर काढलेले फोटो दाखवून पुढचं बुकिंग. बारामतीत लगीनसराईवर जगणारे फोटोग्राफर आहेत. सुप्याच्या मयूरेश्वर अभयारण्यात, शिर्सुफळ-कडबनवाडीच्या माळावर चिंकारा आणि लांडगा टिपणारे आहेत. यांच्यासाठी कॅमेरा म्हणजे धंद्याचं अवजार.

अवजार तीन महिने कपाटात पडलं, तर हंगाम गेला.

आता कायदा. तो वाईट नाही, हे आधीच सांगून टाकतो, कारण शिव्या नेहमी कायद्याला बसतात आणि घोळ भलतीकडेच झालेला असतो. ३० जून २०१७ ची सीमाशुल्काची अधिसूचना आहे, क्रमांक ४५. दुरुस्तीसाठी बाहेर पाठवलेली वस्तू परत आली तर तिच्या पूर्ण किमतीवर शुल्क लावायचं नाही, असं ती सांगते. शुल्क फक्त दुरुस्तीचा खर्च, जाण्यायेण्याचं भाडं आणि विमा एवढ्यावर. दहा लाखांच्या लेन्सची साठ हजारांची दुरुस्ती झाली, तर हिशेब साठ हजारांचा आणि भाड्या-विम्याचा. दहा लाखांचा नाही.

मुख्य अटी तीन. वस्तू तीच हवी. मालक तोच हवा. आणि ठरलेल्या मुदतीत परत यायला हवी, सबळ कारण दाखवलं तर ती वाढते.

यात अवघड काय आहे?

पहिली अट. वस्तू तीच आहे, हे सिद्ध कुणी करायचं? तुम्ही. कशाच्या जोरावर? ती जाताना केलेल्या कागदाच्या. शिपिंग बिलावर, म्हणजे निर्यातीच्या कस्टमच्या कागदावर, दुरुस्ती करून परत आणण्यासाठी, असं लिहिलेलं हवं. सीरियल नंबर हवा. मूळ खरेदीचं बिल, दुरुस्ती करणाऱ्या कंपनीचं पत्र, नंबर दिसेल असे फोटो, हे सगळं जोडलेलं हवं. विमानतळावरच्या अधिकाऱ्याने वस्तू आणि नंबर ताडून पाहिला असेल तर फारच उत्तम.

हा कागद नसेल, तर तुमचीच लेन्स तुम्ही नव्याने आयात करत असता.

लोक मात्र झोप उडवून घेतात ती लेन्स परत येताना. कस्टममध्ये अडकली, असा फोन आला की ओळखी शोधल्या जातात. पुण्यातला कुणी, मुंबई विमानतळावर सहारच्या कार्गोतला कुणी, मंत्रालयातला कुणी. ओळख काय करणार? अधिकाऱ्यासमोर एक खोकं असतं आणि खोक्यात चकचकीत लेन्स. ती नवी की दुरुस्त केलेली, हे तो वास घेऊन ठरवणार का? त्याला कागद लागतो, आणि तो कागद तीन महिन्यांपूर्वी, दुसऱ्याच एका काउंटरवर व्हायला हवा होता.

त्या काउंटरकडे बघू या.

तालुक्याच्या गावी परदेशी पार्सल घेणारं कुरिअर आता सगळीकडे आहे. तिथल्या मुलाला रोजचा सराव कशाचा? लेकीला साड्या, नातवाला कपडे, दिवाळीत चकल्या आणि बेसनाचे लाडू. फॉर्मवर भेटवस्तू लिहायचं, किंमत कमी टाकायची, आधारची झेरॉक्स जोडायची, काम झालं. लेन्स आली तरी हात त्याच सवयीने चालतो.

फराळाला परत यायचं नसतं. लेन्सला यायचं असतं.

एकदा कागदावर भेटवस्तू पडली की खेळ संपला. भेट दिलेली वस्तू दुरुस्तीहून परत कशी येईल? मालक तोच, हे कशाने दाखवणार? एका शब्दाने वाचवलेली पाच मिनिटं पुढे पूर्ण किमतीवरच्या शुल्काच्या रूपाने वसूल होतात.

आणि ती कमी टाकलेली किंमत! दहा लाखांच्या वस्तूवर दहा हजार लिहायचे, म्हणजे कुणाचं लक्ष जाणार नाही, हा आपल्याकडचा आवडता शहाणपणा. पार्सल हरवलं की हाच शहाणपणा अंगावर येतो. भरपाई मागायची कशाची? तुम्हीच लिहून दिलेल्या दहा हजारांची.

किंमत खरी लिहिली, पण विमा उतरवला नाही, तर? त्याचंही उत्तर ठरलेलं आहे. माँट्रियल करारानुसार विमानाने जाणाऱ्या मालाच्या भरपाईची मर्यादा वजनावर ठरते. २८ डिसेंबर २०२४ पासून ती किलोमागे २६ एसडीआर आहे. एसडीआर म्हणजे आंतरराष्ट्रीय नाणेनिधीचं हिशेबाचं एकक. सहाशे मिलिमीटरची लेन्स भरते साधारण तीन किलो. रुपयांत मांडलं तर दहा हजारांच्या आसपास. पाठवताना जादा मूल्य जाहीर करून त्याचे पैसे भरले नसतील, तर विमान कंपनीकडून अपेक्षा एवढीच ठेवायची.

काच तोळ्यावर विकत घ्यायची आणि भरपाई किलोवर.

कुरिअरची कटकट नको म्हणून दुसरा मार्ग निघतो. भाचा. तो न्यू जर्सीत असतो, डिसेंबरात लग्नाला येतो, जाताना बॅगेत लेन्स घेऊन जातो. तिकडे दुरुस्त करून पुढच्या फेरीला आणतो. बारामतीतल्या कितीतरी घरांत हा मार्ग सर्वमान्य आहे. नातं चांगलं, भाडं शून्य.

भाच्याला जाताना विमानतळावर कस्टमच्या टेबलाशी कुणी पाठवलं का?

महागडी वस्तू बाहेर नेताना तिचा निर्यात दाखला तिथे मिळतो. वस्तूचं वर्णन, सीरियल नंबर, शिक्का. परत येताना तो दाखवला की ही वस्तू इथूनच गेली होती, हे सिद्ध होतं. त्यासाठी विमानतळावर तासभर आधी जायचं आणि वस्तू चेक-इनच्या बॅगेत टाकायच्या आत दाखवायची. एवढंच. पण आपल्याकडे तो तास फोटो काढण्यात आणि डोळे पुसण्यात जातो. मग परतीच्या वेळी भाचा अधिकाऱ्यापुढे उभा राहतो आणि मामांची आहे, जुनी आहे, असं सांगत बसतो.

तोंडी जुनी. कागदावर नवी.

आता दोन खाचा, ज्यांत कागद नीट केलेला माणूसही पडतो.

पहिली खाच कंपनीच्या औदार्याची. बॉडी पाठवली, ती दुरुस्त होण्यासारखी नव्हती, कंपनीने दुसरी दिली. गिऱ्हाईक खूश. पण सीरियल नंबर बदलला. म्हणजे वस्तू तीच राहिली नाही, म्हणजे सवलतही राहिली नाही. म्हणून पाठवतानाच कंपनीला लेखी कळवायचं, की मला न विचारता वस्तू बदलू नका.

दुसरी खाच जास्त खोल आहे. दुरुस्ती वॉरंटीत फुकट झाली. खर्च शून्य, मग शुल्कही शून्य? नाही. दुरुस्तीचा आणि त्यात वापरलेल्या भागांचा वाजवी खर्च धरायचा, तो प्रत्यक्षात झाला असो वा नसो, असं अधिसूचनेतच आहे. कंपनीने माफ केलेल्या पैशांवर सरकार शुल्क घेणार. मोठ्या उद्योगांनी बनवाबनवी करू नये म्हणून हा नियम असेल, मान्य. पण कुंभारगावच्या गाइडने कुणाशी संगनमत केलं? व्यक्तीच्या एका वस्तूला यातून सूट द्यायला काय हरकत आहे?

हा बदल करायला एक ओळ पुरेल. ती लिहायला कुणी मागे लागत नाही.

मागे लागणारे कोण असतात ते पाहा. विमान कंपन्यांची इंजिनं आणि सुटे भागही दुरुस्तीला बाहेर जातात आणि याच अधिसूचनेखाली परत येतात. दुरुस्ती ही सेवा, म्हणून तिच्यावर जीएसटी भरलेला. तोच भाग देशात आला की आयात म्हणून पुन्हा जीएसटी. इंडिगो कोर्टात गेली. मार्च २०२५ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने हा दुहेरी कर चुकीचा ठरवला. जुलै २०२४ च्या अर्थसंकल्पात विमानं आणि जहाजांच्या दुरुस्तीसाठी इथे आलेल्या मालाला परत जायची मुदतही सहा महिन्यांवरून एक वर्ष झाली. चांगलंच झालं. ज्याच्याकडे वकील आहे, त्याला वाट मिळते.

लग्नाचे फोटो काढणारा कोणत्या उच्च न्यायालयात जाणार?

त्याच्यापुढे तर त्याआधीच एक दार आहे. आयईसी, म्हणजे आयात-निर्यातदाराचा सांकेतिक क्रमांक. स्वतःच्या वापराची वस्तू असेल, तिचा व्यापाराशी संबंध नसेल, तर तो लागत नाही. पण कॅमेरा धंद्याचा असेल, तर? लग्नाची ऑर्डर घेणाऱ्याने तो काढून ठेवलेलाच बरा. फी पाचशे रुपये, अर्ज ऑनलाइन, पॅन कार्ड लागतं. दरवर्षी एप्रिल ते जून या काळात माहिती तपासून अद्ययावत करावी लागते. ती केली नाही तर क्रमांक झोपी जातो, आणि हे कळतं कधी? पार्सल अडकल्यावर.

बॅटरीचंही तसंच. सुटी लिथियम-आयन बॅटरी प्रवासी विमानातून माल म्हणून न्यायला १ एप्रिल २०१६ पासून बंदी आहे. इतकी वर्षं झाली. तरीही कॅमेऱ्याबरोबर दोन जादा बॅटऱ्या खोक्यात कोंबून दिल्या जातात, जणू कॅमेरा वाटेत फोटो काढणार आहे. बिघाड बॅटरीत नसेल तर ती घरी ठेवा. पट्टा, मेमरी कार्ड, फिल्टर, झाकण, सगळं घरी ठेवा. जे कागदावर नाही ते खोक्यात नको.

हे सगळं या भागाला जड जावं, याचंच मला सगळ्यात वाईट वाटतं.

कारण निर्यातीचे कागद इंदापूर-बारामतीला नवे आहेत का? इथली द्राक्षं आणि डाळिंबं किती वर्षं परदेशी जातायत! बोरीच्या द्राक्षबागायतदाराला विचारा. ग्रेपनेटवर बागेची नोंदणी, फवारणीची वही, रसायनाच्या उर्वरित अंशाची तपासणी, फायटोसॅनिटरी दाखला, कंटेनरचं तापमान, न्हावाशेवा बंदर. तो न अडखळता सांगेल. बारामतीत पणन मंडळाचं निर्यात सुविधा केंद्र आहे. नाशवंत माल, हजारो मैल, दर वर्षी.

हे आपोआप झालं नाही. २०१० मध्ये लिहोसिन या फवारणीच्या औषधाच्या अंशावरून युरोपात द्राक्षं अडकली, बागायतदार रडकुंडीला आले. त्यानंतर तपासणी कडक झाली, यादी वाढली, शेतकरी शिकला, आणि त्याला शिकवायला माणसंही उभी राहिली. कृषी खात्याचा माणूस बागेत येऊन सांगू लागला की अमुक औषध नको, अमुक तारखेनंतर फवारणी नको.

कॅमेरावाल्याला सांगायला कोण येतं?

फरक अकलेचा नाही. द्राक्षाच्या मागे मंडळ आहे, संघ आहे, आमदार आहे. लेन्सच्या मागे एकटा माणूस आहे आणि त्याच्या हातात कुरिअरची फिकट पावती. द्राक्ष एका हंगामात जाऊन खपतंही, आणि त्याच महिन्यांत, त्याच तालुक्यात, बिघडलेली लेन्स कपाटात बुरशी धरत बसते. पाण्याकाठची दमट हवा वाट बघत नाही. एकदा काचेवर बुरशीचे तंतू पसरले आणि आवरणात शिरले, की जर्मनीलाही पाठवून डाग पूर्ण जाईलच असं नाही.

दुरुस्ती लांबली की बिघाड वाढतो. कागदाच्या भीतीने लांबली तरी वाढतोच.

बाहेर पाठवायचंच कशाला, असं विचारणारे भेटतील. प्रश्न रास्त आहे. कोल्हापुरात बाबूराव पेंटर यांनी पहिल्या महायुद्धाच्या धामधुमीत स्वतः सिनेमाचा कॅमेरा तयार केला. वर्कशॉप, लेथ, जिद्द. त्यावर चित्रपट काढले. शंभर वर्षांनंतर पुणे जिल्ह्यात गाड्यांचे कारखाने आहेत, अभियांत्रिकीची महाविद्यालयं गल्लोगल्ली आहेत, बारामतीची एमआयडीसी आहे. आणि लेन्समधली फोकसची मोटर बदलायला सातासमुद्रापार?

हाताची कमतरता नाही. पुण्यात जुने, जाणते कारागीर आहेत, जे उघडून, पुसून, जुळवून देतात. त्यांना सुटे भाग मिळत नाहीत, कंपनीची दुरुस्ती-पुस्तिका मिळत नाही, जुळणीचं सॉफ्टवेअर मिळत नाही. ग्राहक व्यवहार खात्याने २०२२ मध्ये दुरुस्तीच्या हक्कासाठी समिती नेमली, त्याच वर्षअखेर पोर्टलही सुरू केलं. शेतीची अवजारं, मोबाइल आणि इलेक्ट्रॉनिक वस्तू, घरगुती उपकरणं, वाहनं, अशी चार क्षेत्रं धरली. कॅमेरा इलेक्ट्रॉनिक नाही तर काय आहे? पण पोर्टलवर माहिती असणं आणि कारागिराच्या टेबलावर सुटा भाग असणं, यात अंतर बरंच आहे.

भाग कंपनी देणार नाही आणि दुसऱ्याला बनवू देणार नाही. मग वस्तू विकत घेतली कुणी?

हे बदलेल तेव्हा बदलेल. तोवर काही मागण्या आहेत आणि त्या फार मोठ्या नाहीत. टपाल खात्याने २०२२ पासून डाकघर निर्यात केंद्रं सुरू केली, देशभरात ती हजाराच्या वर आहेत. छोट्या निर्यातदाराने गावातूनच परदेशी माल पाठवावा, ही कल्पना उत्तम. मग त्याच काउंटरवर दुरुस्तीसाठी जाऊन परत येणाऱ्या वस्तूचा एक पानी अर्ज का नसावा? मराठीत. वस्तू, सीरियल नंबर, मालक, कुठे जाणार, कधी येणार. वर दोन फोटो. कॅमेऱ्यालाच नव्हे, दवाखान्यातल्या उपकरणाला, प्रयोगशाळेतल्या सूक्ष्मदर्शकाला, एमआयडीसीतल्या छोट्या यंत्रालाही तो चालेल.

कुरिअर कंपन्यांनीही काउंटरवरच्या मुलाला एक प्रश्न शिकवावा. वस्तू परत येणार आहे का? उत्तर हो असेल, तर फॉर्म वेगळा. एका प्रश्नाला प्रशिक्षण शिबिर लागत नाही.

वनखातं गवताळ सफारीचं बुकिंग ऑनलाइन घेतं, भिगवणला पक्षी महोत्सव आणि पर्यटनाची भाषणं होतात, येणाऱ्या प्रत्येक पाहुण्याच्या गळ्यात कॅमेरा असतो. ज्या कॅमेऱ्यांवर हे पर्यटन चाललंय, त्यांच्या दुरुस्तीचा विचार एकाही भाषणात ऐकू येत नाही. काठावर एक दिवसाचं सफाई-तपासणी शिबिर घ्यायला किती पैसे लागतात? पुण्याचा कारागीर बोलवा, कस्टमचं काम करणारा एक परवानाधारक एजंट बोलवा, गावातल्या गाइडांना बसवा. जेवणावळीच्या खर्चात होईल.

वाचकहो, तुमच्यापुरतं काम आजच करता येईल. कॅमेरा आणि प्रत्येक लेन्सचा सीरियल नंबर वहीत लिहा. खरेदीची बिलं शोधा, फोटो काढून फोनबाहेरही एक प्रत ठेवा. वस्तू बाहेर पाठवायची वेळ आली, तर आधी एजंटला विचारा, मग खोकं चिकटवा. शिपिंग बिलाची प्रत हातात आल्याशिवाय काउंटर सोडू नका. कुरिअरची पावती म्हणजे शिपिंग बिल नव्हे. आणि भाचा जाणार असेल, तर त्याला विमानतळावर तासभर आधी हाकला.